घड्याळ दोन्हीकडे असतं: ब्रेव्हे आणि टाइम्ड राइड यांतला फरक

पुणे-सातारा रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलेले, सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावलेले दहा-वीस जण दिसले, की चहाच्या टपरीवरचा माणूस हमखास विचारतो, "रेस आहे का?" नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: "मग वेळ कसली लावलीय?"

हा दुसरा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर नवीन सायकलस्वारांनाही पटकन देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शर्यतपटू नसलेल्या माणसाला लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये उतरायचं असेल, तर जगभर दोन मोठे प्रकार आहेत. पहिला ब्रेव्हे. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर किंवा त्याहून लांबचा ठरलेला मार्ग ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचा. आपल्याकडे याला सगळे 'बीआरएम' म्हणतात आणि तो करणाऱ्याला रँडोनर. दुसरा प्रकार म्हणजे हजारो लोक एकत्र निघतात आणि प्रत्येकाची वेळ चिपने मोजली जाते अशी राइड. इटलीत तिला ग्रान फोंदो म्हणतात, फ्रान्समध्ये सिक्लोस्पोर्तिव, इंग्लंडमध्ये स्पोर्टिव्ह. या लेखापुरतं मी तिला टाइम्ड राइड म्हणतो.

दोन्हींत घड्याळ आहे. पण ब्रेव्हेचं घड्याळ एवढंच बघतं की तुम्ही मुदतीत पोचलात का. टाइम्ड राइडचं घड्याळ तुम्हाला नेमका किती वेळ लागला ते मोजतं. ऐकताना हा फरक बारीक वाटतो. प्रत्यक्षात रस्ता कसा निवडायचा, वाटेत मदत कोण करणार, सायकलवर काय लादायचं, जेवायला थांबायचं की नाही आणि उतारावर ब्रेक कधी दाबायचा, हे सगळं त्यावरून ठरतं.

मुदतीचं गणित

ब्रेव्हेचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेचे आहेत. भारतात ते ऑडॅक्स इंडिया रँडोनर्समार्फत चालतात आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतले क्लब प्रत्यक्ष राइड घेतात. मुदत जगभर सारखीच आहे: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, १००० ला ७५ आणि १२०० ला ९० तास. ६०० पर्यंतचा हिशोब ताशी १५ किलोमीटरचा आहे. २०० ला खरं तर १३ तास २० मिनिटं होतात आणि ४०० ला २६ तास ४० मिनिटं, पण वर थोडी सूट दिलेली आहे. ६०० च्या पुढे माणसाला झोप लागणारच हे धरून अपेक्षित वेग खाली आणला आहे.

ताशी १५ म्हटलं की लोक हसतात. गावातला दूधवाला याहून जोरात जातो, असंही कुणी म्हणतं. पण हे घड्याळ कशासाठीच थांबत नाही. पंक्चर, जेवण, शौच, झोप, चुकलेला फाटा, धाब्यावर उशिरा आलेली भाजी, घाटात ट्रक उलटल्यामुळे झालेला खोळंबा, हे सगळं त्याच मुदतीत मोजलं जातं.

सायकल चालू असताना तुमचा सरासरी वेग ताशी २० आहे असं धरू. ६०० किमीला ३० तास गेले, हातात १० उरले. वाटेत सहा-सात ठिकाणी कार्डावर शिक्का घेणं, पाणी भरणं, काहीतरी खाणं यांत प्रत्येकी २५ मिनिटं धरली तर जवळपास तीन तास गेले. दोन पंक्चर आणि एखादा चुकलेला रस्ता यांत एक तास. दोन नीट जेवणं धरली तर आणखी दीड तास. उरले साडेचार. त्यात झोप, आंघोळीऐवजी तोंड धुणं, कपडे बदलणं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मंदावलेला वेग. त्यामुळे ब्रेव्हेमध्ये अनुभवी माणूस वेग वाढवण्यापेक्षा थांबण्याची वेळ कमी करण्यावर जास्त लक्ष देतो. टायर कमी वेळात बदलता येणं आणि कंट्रोलवर, म्हणजे शिक्का घेण्याच्या ठिकाणी, मोबाइल बाहेर न काढणं या दोन सवयी महागड्या चाकांपेक्षा जास्त वेळ वाचवतात.

मार्गावर ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात. ते बंद होण्याची वेळ असते, तशी उघडण्याचीही असते, आणि नव्या माणसाला याचंच सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. पहिल्या २०० किमीसाठी कमाल वेग ताशी ३४ धरलेला आहे. १०० किमीवरचा कंट्रोल सुरुवातीपासून २ तास ५६ मिनिटांनी उघडतो आणि ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. २०० किमीचा शेवटचा कंट्रोल ५ तास ५३ मिनिटांच्या आधी उघडतच नाही. म्हणजे कुणी शर्यतीच्या वेगाने आला, तर त्याला बाहेर बसून राहावं लागतं. नियम करणाऱ्यांनी मुदतीला दोन्ही बाजूंनी भिंत घातली आहे. आपण शर्यत घेत नाही हे त्यांनी भाषणात सांगण्याऐवजी वेळापत्रकातच लिहून ठेवलं, आणि मला या खेळातली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते.

निकालात वेळ नोंदवली जाते, क्रमांक मात्र नसतो. साडेआठ तासांत आलेल्याला आणि १३ तास २९ मिनिटांनी आलेल्याला एकच पदक. तेही हवं असेल तर पैसे भरून घ्यायचं, नाहीतर नाही. निकाल पॅरिसला जातो आणि तिथून प्रत्येक ब्रेव्हेला होमोलोगेशन क्रमांक, म्हणजे अधिकृत मान्यतेचा नोंदणी क्रमांक, मिळतो. २००, ३००, ४०० आणि ६०० हे चारही एकाच हंगामात झाले की तुम्ही सुपर रँडोनर, बोलीभाषेत 'एसआर'. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो.

तुम्ही खरंच तिथून गेलात याचा पुरावा म्हणजे ब्रेव्हे कार्ड. त्यावर कंट्रोलवरचा स्वयंसेवक शिक्का आणि वेळ टाकतो. जिथे माणूस बसवणं शक्य नसतं, तिथे आपल्याकडे एटीएमची पावती, पेट्रोल पंपावरचं किंवा हॉटेलचं बिल चालतं, कारण त्यावर जागा आणि वेळ दोन्ही छापलेल्या असतात. कधी 'इन्फो कंट्रोल' असतो: अमुक गावच्या कमानीवर काय लिहिलंय, शाळेच्या फाटकाचा रंग कोणता, असा प्रश्न. उत्तर तिथे गेल्याशिवाय देता येत नाही. आणि कधी न सांगता लावलेला गुप्त कंट्रोलही असतो, म्हणजे मधला शॉर्टकट कुणी घेऊ नये.

शर्यत संपली, प्रवास उरला

गंमत अशी की या बिनशर्यतीच्या खेळाचं सर्वांत मोठं पर्व शर्यत म्हणूनच सुरू झालं. १८९१ साली 'ल पती जुर्नाल' या पॅरिसच्या वृत्तपत्राचे पिएर जिफार यांनी पॅरिसहून अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी सुमारे १२०० किमीची शर्यत जाहीर केली. सायकल हे टिकाऊ, भरवशाचं वाहन आहे हे त्यांना दाखवायचं होतं. शार्ल तेरों ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला, न झोपता. १९०१ मध्ये मोरिस गारँ ५२ तास ११ मिनिटांत जिंकले. हेच गारँ दोन वर्षांनी पहिल्या तूर द फ्रान्सचे विजेते झाले. ही शर्यत साधारण दर दहा वर्षांनी होत राहिली. व्यावसायिक खेळाडूंची शेवटची शर्यत १९५१ ला झाली. ती मोरिस दिओ यांनी ३८ तास ५५ मिनिटांत जिंकली.

त्या दरम्यान दुसरा धागा वेगळा वाढत होता. १२ जून १८९७ रोजी काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचे २३० किमी एका दिवसाच्या उजेडात गेले. जिंकायचं कुणालाच नव्हतं, पोचायचं होतं. तूर द फ्रान्स सुरू करणारे आँरी देग्राँज यांनी पुढे १९०४ मध्ये फ्रान्समध्ये याच धर्तीच्या राइडसाठी नियम केले. त्यांत सगळ्यांनी गटाने, पुढे असलेल्या कप्तानाच्या वेगाने जायचं होतं. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने वेगळी वाट धरली. त्यांनी प्रत्येकाला आपापल्या वेगाने जाऊ दिलं, फक्त मुदतीत पोचायची अट ठेवली. आजचा बीआरएम या दुसऱ्या वाटेवरचा आहे. १९३१ पासून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला व्यावसायिकांच्या सोबतीने रँडोनरही निघू लागले. शर्यत बंद पडली आणि रँडोनरांची राइड टिकली. आता ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होते आणि जगभरातून हजारो लोक तिथे येतात.

या इतिहासामुळे एक गैरसमज दूर होतो. ब्रेव्हे म्हणजे शर्यतीची सौम्य, हौशी आवृत्ती आहे असं बरेच जण धरून चालतात. १२०० किमीची शर्यत आणि १२०० किमीचा ब्रेव्हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी शेजारी शेजारी होते, आणि ब्रेव्हे काढणाऱ्यांनी समजून-उमजून क्रमांक बाजूला ठेवला. त्यामुळे एखाद्या ग्रुपवर "बीआरएममध्ये पहिला आलो" असं वाचलं की मला वाईट वाटतं. तो माणूस खरंच जोरात गेलेला असतो, पण नव्याने येणाऱ्याला त्यातून चुकीचा निरोप जातो. मग तो दुसऱ्यांच्या वेगाने जायला लागतो आणि १४० किमीवर पोटऱ्यांना गोळे येऊन रस्त्याकडेला बसतो.

चिप, झुंड आणि मोकळा रस्ता

टाइम्ड राइड समजायला मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर आणली की पुरे. तिथल्यासारखाच छातीवर किंवा सायकलवर क्रमांक, त्यात चिप, सुरुवातीला आणि शेवटाला जमिनीवर चिप टिपणारी चटई. हजारो लोक एका रेषेतून एकदम निघू शकत नाहीत, म्हणून त्यांचे गट पाडतात आणि काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. त्यामुळे वेळ दोन तऱ्हेची मिळते: पहिला गट सुटल्यापासूनची आणि तुम्ही स्वतः चटई ओलांडल्यापासूनची. बहुतेकांना दुसरी महत्त्वाची. अनेक ठिकाणी एखाद्या घाटाची वेळ वेगळी मोजतात. वयोगटानुसार निकाल लागतात. काही राइड सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ग्रान फोंदो मालिकेत आहेत. त्यांत वयोगटात पुढे येणाऱ्यांना जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत जागा मिळते. त्यामुळे पुढच्या रांगेतल्या लोकांसाठी ती सरळ शर्यतच असते, आणि हजाराव्या क्रमांकावरच्यासाठी स्वतःच्या मागच्या वर्षीच्या वेळेशी झुंज.

या प्रकाराचीही परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. इटलीतली नोवे कोल्ली १९७१ पासून चालू आहे. फ्रान्समधली ला मार्मोत १९८२ पासून: सुमारे १७४ किमी, वाटेत ग्लाँदों आणि गालिबिएसारखे घाट, शेवट आल्प द्युएझच्या माथ्यावर, एकूण चढाई पाच हजार मीटरच्या घरात. १९९३ पासून होणाऱ्या लेताप द्यु तूरमध्ये सामान्य सायकलस्वारांना तूर द फ्रान्सचा त्या वर्षीचा एक टप्पा बंद रस्त्यावर चालवता येतो. दक्षिण आफ्रिकेतली केप टाऊन सायकल टूर तर तीसेक हजारांच्या आसपास लोकांची आहे.

केप टाऊनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण टाइम्ड राइडला 'पैसेवाल्यांचा इव्हेंट' म्हणून नाक मुरडणारे रँडोनर मला माहीत आहेत. १९७७ मध्ये तिथल्या सायकलस्वारांनी शहरात सायकलसाठी वेगळे मार्ग हवेत म्हणून एकत्र राइड काढली. त्यातून पुढच्या वर्षी ही स्पर्धा उभी राहिली. द्वीपकल्पाला वळसा घालणारा १०९ किमीचा रस्ता दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी गाड्यांसाठी बंद होतो. सात तासांची मर्यादा आहे. त्यात व्यावसायिक खेळाडूही असतात आणि आयुष्यात पहिल्यांदाच शंभर किमी करणारी आजीही. शहर एक दिवस सायकलला रस्ता देतं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि क्रमांकाला किंमत देणाऱ्या राइडनेच ती घडवून आणली. २०१७ मध्ये तिथे वारा इतका भयंकर होता की सायकली हातातून उडत होत्या. त्या दिवशी आयोजकांनी राइड रद्द केली. माझ्या मते आयोजक चांगला की वाईट हे अशा दिवशीच ठरतं.

उतारावर घड्याळ बंद

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घड्याळ किती वेळ लागला ते मोजत असेल, तर प्रत्येक सेकंदाला किंमत येते. उतारावर ब्रेक दाबला की वेळ गेला, आंधळ्या वळणावर वेग कमी केला की वेळ गेला, सिग्नलला थांबलो की वेळ गेला. माणूस वाईट असतो म्हणून धोका पत्करतो असं नाही. मोजमापच त्याला ढकलत असतं. शिवाय टाइम्ड राइडमध्ये झुंडीने जाण्याचा फायदा मोठा आहे. पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की वारा तो कापतो आणि आपली बरीच ताकद वाचते. पण त्यासाठी पुढच्या चाकापासून जेमतेम हातभर अंतर ठेवावं लागतं. त्या अंतरात खड्डा दिसत नाही.

हे परदेशातल्या आयोजकांनी अनुभवाने शिकून घेतलं. ला मार्मोतमध्ये ग्लाँदों घाटाच्या उतारावर अपघात होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्या उताराचा वेळ मोजणंच बंद केलं. माथ्यावर एक चटई, पायथ्याला दुसरी, आणि मधली मिनिटं एकूण वेळेतून वजा. खाली सावकाश उतरलात तरी तुमचं काही जात नाही. धोक्याच्या पाट्या लावून जे झालं नसतं, ते घड्याळ थांबवून झालं.

यातून एक गोष्ट मला अगदी स्पष्ट दिसते: क्रमांकाची टाइम्ड राइड बंद रस्त्यावरच व्हायला हवी. निदान चौकाचौकांत पोलीस आणि स्वयंसेवक वाहतूक अडवून उभे असावेत आणि उतार मोजणीतून वगळलेले असावेत. महाराष्ट्रात रविवारी सकाळी एखादा घाट चार तास पूर्ण बंद मिळवणं किती कठीण आहे हे आयोजन केलेला प्रत्येक जण सांगेल. तरीही उलट बाजूने येणारा ट्रॅक्टर, अचानक वळणारी रिक्षा आणि दुभाजकाच्या फटीतून निघणारी मोटारसायकल असलेल्या चालू रस्त्यावर चिप लावून, वयोगटाची बक्षिसं ठेवून राइड घेणं मला मान्य नाही. परवानगी मिळत नसेल तर त्या वर्षी राइड होऊ नये, किंवा चिप काढून ठेवावी.

ब्रेव्हेची रचना मात्र चालू रस्त्यासाठीच आहे. वाहतुकीचे सगळे नियम रँडोनरला लागू. सिग्नलला थांबायचं. रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. दिवा बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत पुढे जायचं नाही. खंबाटकीचा उतार सावकाश उतरलात म्हणून दोन मिनिटं गेली, तर साडेतेरा तासांच्या हिशोबात ती दिसतही नाहीत. धोका इथेही आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे: झोप. ४०० आणि ६०० मध्ये पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. डोळे उघडे असूनही मेंदू झोपलेला असतो, आणि शेजारून ट्रक जात असतात. मुदत संपत आली म्हणून डुलक्या येत असताना सायकल रेटणं हे उतारावर ब्रेक न दाबण्याइतकंच घातक आहे. धाब्याच्या खाटेवर गजर लावून घेतलेली वीस मिनिटांची झोपही खूप काम करते. तेवढीही जमत नसेल तर ब्रेव्हे सोडून द्यावा. निकालात डीएनएफ, म्हणजे 'पूर्ण केलं नाही', असं लिहिलं गेलं म्हणून कुणाचं काही कमी होत नाही, पुढच्या महिन्यात दुसरा ब्रेव्हे असतोच.

मदत कुणाची

टाइम्ड राइडमध्ये मदत प्रवेशशुल्कात आलेली असते: दर काही किलोमीटरवर पाणी, केळी, एनर्जी जेल, मेकॅनिक, रुग्णवाहिका, आणि सर्वांत मागून येणारी गाडी, जी वेळेत न बसणाऱ्यांना सायकलसकट उचलून नेते. त्यामुळे सायकल हलकी ठेवता येते. खिशात एक ट्यूब आणि मोबाइल असला तरी निभावतं.

ब्रेव्हेमध्ये मागून कुणी येत नाही. स्वतःची गाडी सोबत चालवायला बंदी आहे. घरचं कुणी मदतीला आलंच तर ते फक्त कंट्रोलवर भेटू शकतं. पंक्चर तुम्हीच काढायचं, साखळी तुटली तर तुम्हीच जोडायची, आणि सोडून द्यायचं ठरवलं तर घरी कसं जायचं हेही तुम्हीच बघायचं, मग ती एसटी असो की टेम्पो. वाटेत दुकानातून काही विकत घ्यायला, अनोळखी माणसाने दिलेलं पाणी प्यायला किंवा दुसऱ्या रँडोनरने पंप द्यायला हरकत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात ब्रेव्हेमध्ये एकमेकांना मदत जास्त होते. कुणी थांबला तर त्याचं स्थान जात नाही, कारण स्थानच नाही. पुढे जाणारा "सगळं ठीक?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. सायकलीही त्यामुळे वेगळ्या दिसतात: थोडे जाड टायर, मागे बॅग, दोन दिवे, जास्तीच्या ट्यूब, काहींकडे चाकाच्या हबमध्ये बसवलेला डायनॅमो. माणसाच्या ताकदीवर चालणारी कुठलीही सायकल चालते, दोघांची टँडम किंवा पाठीवर झोपून चालवायची रिकंबंटसुद्धा. मोटर नको.

मधल्या आणि पलीकडच्या राइड

सगळं काही या दोन खणांत बसत नाही. स्वीडनमध्ये वेटर्न सरोवराला वळसा घालणारी वेटर्नरुंडान १९६६ पासून होते. अंतर तीनशे किमीच्या वर. मुटाला गावातून लोक छोट्या गटांनी निघतात आणि अनेक जण रात्रभर चालवतात. वेळ चिपने मोजतात आणि सगळ्यांना मिळते, पण विजेता जाहीर होत नाही. हजारोंची गर्दी टाइम्ड राइडची, मनोवृत्ती बरीचशी ब्रेव्हेची.

दुसऱ्या टोकाला अल्ट्रा रेस आहेत, आणि आपल्याकडे बीआरएमशी त्यांची सर्वांत जास्त गल्लत होते. पुणे ते गोवा अशी सहाशे किमीहून लांबची डेक्कन क्लिफहँगर ही शर्यत आहे. तिथे क्रमांक लागतात आणि खेळाडूच्या मागे मदतीची गाडी असते. ती ठरलेल्या वेळेत पूर्ण केली की अमेरिका आडवी पार करणाऱ्या रॅम या सुमारे ४८०० किमीच्या शर्यतीसाठी पात्र होता येतं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून रॅम पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतींत अंतर ब्रेव्हेसारखं लांब असलं तरी मागची गाडी आणि पुढचा क्रमांक यांमुळे तो वेगळाच खेळ होतो.

तुमच्यासाठी कोणता

तुम्हाला दर वर्षी आपण किती सुधारलो हे आकड्यात बघायला आवडत असेल, झुंडीत चालवण्याचा सराव असेल आणि रविवारी दुपारी घरी जेवायला पोचायचं असेल, तर टाइम्ड राइड. सराव त्या मानाने सरळ आहे: चढावर ठरावीक वेळ जोर लावणं, गटात सुरक्षित चालवणं, आणि चार-पाच तास दम टिकवणं. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर बंद रस्त्यावरच्या चांगल्या राइड जवळच मिळतात.

ब्रेव्हेच्या सरावात वेग कमी आणि सवयी जास्त. पहिला २०० करण्याआधी एकदा अंधारात निघून १२० किमी करा, म्हणजे दिवा, खोगीर आणि पोट या तिन्हींची परीक्षा होईल. सकाळी पोहे आणि दुपारी मिसळ पचते का, की दहीभात आणि केळ्यांवरच चालतं, हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. कंट्रोलच्या बंद होण्याच्या वेळा कार्डावर असतातच, त्या हँडलवर डोळ्यांसमोर चिकटवा आणि प्रत्येक कंट्रोलवर आपल्या हातात किती मिनिटं शिल्लक आहेत एवढंच बघा. शेजारच्याकडे बघू नका. पहिल्या ३०० ला बहुतेकांचा घोटाळा अंतरामुळे होत नाही. सुरुवातीचे शंभर किमी दुसऱ्याच्या वेगाने गेल्यामुळे होतो.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं स्वप्न असेल तर पुढची २०२७ मध्ये आहे. त्याच हंगामात ऑगस्टच्या आधी २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करावे लागतात, आणि आदल्या वर्षी जितका लांबचा ब्रेव्हे केलेला असेल तितकी नोंदणी लवकर करता येते. ८०, ८४ किंवा ९० तास यांपैकी मुदत आधीच निवडायची असते. २०१९ मध्ये भारतातून शेकडो रँडोनर तिथे गेले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना वेळेत परत येता आलं नाही. अंतर त्यांना नवं नव्हतं. पण जाताना सतत समोरून वारा होता आणि रात्री आपल्याला सवय नसलेली थंडी होती. महाराष्ट्रातला ६०० तुम्ही मार्च-एप्रिलच्या उन्हात केलेला असेल, तर त्याच पायांना ब्रेस्टकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या पहाटेची ओळख अजून व्हायची आहे. जानेवारीत नाशिककडे किंवा महाबळेश्वरच्या पठारावर रात्रभर चालवून बघा. कपड्यांचे थर कुठे काढायचे, कुठे चढवायचे, आणि गोठलेल्या बोटांनी ट्यूब बदलता येते का, याचा अंदाज तिथेच येईल.